साखळीचे बुधवार

मे महिना लागला की आमच्या वाड्यावरच्या खुरसाला, म्हणजे दगडी क्रुसाला, चुना काढायचं काम माझ्याकडं येतं. हे काम मला कोणी दिलेलं नाही, मीच घेतलंय, आणि दुसऱ्या कुणी ब्रश हातात धरला तर मला खपत नाही. हरमलात तेव्हा निवांत असतं. रशियन पर्यटक गेलेले असतात, शॅकवाले बांबू सोडवून टेम्पोत भरत असतात, माझ्या भाड्याच्या खोल्यांतल्या गाद्या अंगणात उन्हं खात पडलेल्या असतात. चुन्याचा वास, झाडाखाली सडलेल्या काजूच्या बोंडांचा वास, आणि मागून दर्याची खारट हवा. एवढं सगळं एकदम नाकात शिरलं की माझ्या पोटात दुखायला लागतं. डॉक्टरला दाखवायचं दुखणं नव्हे ते. हेव्याचं.

होय, हेवाच. दुसरं गोंडस नाव मी देणार नाही. रविवारी चर्चमध्ये मी मुलांना दोतोर्न शिकवते, म्हणजे आमच्या धर्माचे पाठ. त्यात सात महापापं येतात, त्यांत हेवा येतो, आणि तिथं पोचले की मी घाईघाईनं पुढच्या पापाकडं सरकते. मुलांच्या लक्षात येत नाही. बोस्त्यांवच्या, माझ्या नवऱ्याच्या, येतं. चुन्याची बालदी बघितली की तो म्हणतो, ‘आला गो फिलू, तुझा मे आला!’ आणि माझ्या वाटेतून बाजूला होतो. शहाणा माणूस आहे.

मे महिन्यात आमच्याकडं खुरसापुढं लादीन असते. संध्याकाळी मेणबत्त्या लावायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या, आणि मरियेची एकेक नाव घेऊन प्रत्येक नावामागं ‘आमच्यासाठी विनंती कर’ असं लॅटिनमध्ये गायचं. रोज एका घराची पाळी. ज्याची पाळी त्यानं मेणबत्त्या आणायच्या, लादीन संपल्यावर उकडलेले चणे आणि पुरुषमंडळींना घोटभर फेणी वाटायची. त्या लॅटिनचा अर्थ विचारलात तर निम्म्या वाड्याला सांगता यायचा नाही, पण एक सूर इकडचा तिकडं झाला तर अख्खा वाडा माना वळवून बघतो.

लादीन दोन आवाजांत गातात. पहिला आवाज वरून जातो. दुसरा त्याच्या खालून, जरा अंतर ठेवून, बरोबरीनं चालतो. पहिला आवाज एकटा गायला तरी त्याचं गाणं होतं. दुसरा एकटा गायला तर ऐकणाऱ्याला वाटतं, हिला काय झालं बाई आज!

माझा आवाज दुसरा. पहिला लुर्दीनचा, माझ्या धाकट्या बहिणीचा. ही वाटणी आईनं आम्ही झग्यात असतानाच केली. मला तेव्हा रडू आलं होतं. थोरली मी, आणि पहिला आवाज हिला! दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पण मग सवय झाली, आणि सवय झाल्यावर कळलं की तिच्या खालून चालण्यात मोठं सुख आहे. पुढं काय येणार याची काळजी तिनं करायची. श्वास घेताना तिचा डावा खांदा जरासा वर व्हायचा, मी तेवढा बघायचा आणि तोंड उघडायचं. तिचं लग्न होऊन ती लांब साखळीला गेली तरी मे महिन्यात आमच्या पाळीला ती यायचीच. नवरा, बॅग, आंब्यासाठी रिकाम्या पिशव्या, सगळं घेऊन यायची. वाड्यावरचे लोक आमची पाळी कधी आहे ते विचारून घ्यायचे. आता विचारत नाहीत.

मी सांगतेय तो मे काही वर्षांपूर्वीचा. खाणी बंद पडून बराच काळ झाला होता. लुर्दीनचा नवरा जुझे खाणीवर ट्रक चालवायचा. तो ट्रक दारात उभा राहून गंजला, आणि ट्रकबरोबर जुझेही. दारू प्यायला लागला, एवढं आम्हाला ठाऊक होतं. मग ऐकलं की सोडली. मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. कोणी सोडवली ते विचारायचं मला सुचलंच नाही. मला वाटलं, माझ्या मेणबत्तीनं.

तर मी मानकुराद आंब्यांची पिशवी घेऊन निघाले तिला आमच्या पाळीचं आमंत्रण द्यायला. हरमलहून म्हापसा, म्हापशाला बस बदलून अस्नोडा, डिचोली करत साखळी. बुधवार होता. घरात पाऊल टाकलं आणि आधी भिंतच दिसली. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती तिथं चौकोनी पांढरा डाग. खाली दिवा नाही, फुलं नाहीत. आईनं लग्नात दिलेली तसबीर ती.

‘माना,’ लुर्दीन म्हणाली. थोरल्या बहिणीला आम्ही माना म्हणतो. ‘माना, मी लादिनीला येणार नाही गो. मूर्तीपुढं गाणं पवित्र शास्त्रात बसत नाही. निर्गम वीस, चार आणि पाच.’

निर्गम वीस, चार आणि पाच! पुस्तक, अध्याय, वचनं, पोस्टमननं घर नंबर सांगावा तसं तिनं सांगितलं, आणि मी, वर्षानुवर्षं दोतोर्न शिकवणारी बाई, तोंड उघडं टाकून उभी. आम्हां जुन्या ख्रिस्तावांचं असंच असतं. बायबलातली गोष्ट आम्हाला ठाऊक असते, पत्ता ठाऊक नसतो. गोष्ट पाद्रीकडून ऐकायची आणि घरी येऊन माशाचं हुमण करायचं, इतकं साधं चाललेलं असतं सगळं. आणि ही काल-परवाची बिलिव्हर, म्हणजे मूर्ती न मानणाऱ्या नव्या पंथाची, झालेली माझी बहीण मला पत्ते सांगत होती.

‘कोणी शिकवलं हे तुला?’ मी विचारलं.

तेवढ्यात आतून एक बाई आली. चांगली उंच, कपाळ मोकळं, पदर खोचलेला. ‘बसा की ओ अक्का,’ ती मला म्हणाली. माझ्या बहिणीच्या घरात मला! ‘लांबनं आलाय. च्या ठेवतो की मी.’

ही रूथ. बेळगावकडची, म्हणून ते ‘ठेवतो’. नवरा इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला, म्हणून साखळीत येऊन राहिलेली. आधीचं नाव काही वेगळं होतं, बिलिव्हरांच्या हॉलात प्रार्थनेला जायला लागल्यावर रूथ झाली. नाव तरी काय शोधून काढलं होतं! बायबलातली रूथसुद्धा अशीच, परक्या घरात शिरून घरचीच होऊन बसलेली. हा पत्ता मात्र मला न शिकता माहीत होता.

तिनं चहा केला. आणि चहा करताना एकदाही विचारलं नाही की साखर कुठं आहे. हात वर केला, मागच्या फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा काढला, झाकण उघडलं, त्यात साखर. मी सख्खी बहीण. मला त्या डब्यात साखर असते हे ठाऊक नव्हतं. मुंग्या होतात म्हणून साखर अलीकडं त्या डब्यात ठेवतात हे त्या बाईला ठाऊक होतं. मूर्ती, लादीन, निर्गम वीस, सगळं राहिलं बाजूला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या त्या डब्यापाशी.

‘सिस्टर, अक्कांना साखर जास्त लागती काय?’ तिनं लुर्दीनला विचारलं.

‘नको सिस्टर, कमीच,’ लुर्दीन म्हणाली.

सिस्टर! एकमेकींना सिस्टर! मी तो चहा कसा प्यायले ते माझं मला ठाऊक. घरी परत येताना बसमध्ये मी ठरवलं की बायबल शिकायचं आणि ह्या बाईला गप्प करायचं. लुर्दीनच्या आत्म्याची काळजी पाद्रीनं करावी, त्याचं ते काम आहे. मला माझी बहीण हवी होती, आणि आमच्या पाळीच्या दिवशी खुरसापुढं, माझ्या उजव्या हाताला उभी हवी होती.

आता आमचं भाषेचं असं आहे. मागणं आम्ही कोंकणीत मागतो, लादीन लॅटिनमध्ये गातो, गिऱ्हाइकांशी मोडकं इंग्रजी बोलतो. पण शाळा आम्ही दोघी पेडण्याच्या बाजूला मराठीतून शिकलो, आणि त्यांच्या हॉलातलं बायबल मराठी. त्यामुळं भांडण मराठीतच होणार हे उघड होतं. चर्चच्या ऑफिसात बायबल मिळालं असतं, पण तिथं मागितलं की पाद्री विचारणार, फिलू, एकाएकी कशाला? मग अख्ख्या वाड्याला कळणार. म्हणून मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले आणि तिथं एका टेबलावरून चेन लावलेलं छान काळं मराठी बायबल घेतलं. स्वस्त पडलं म्हणून वर खूशही झाले.

फोनवर आमच्या लोकांची भाषणं असतात, ती मी भांडी घासताना लावून ठेवायला लागले. मेलेल्यांसाठी प्रार्थना बिलिव्हर करत नाहीत; ती का करायची, तर मक्काबींचं दुसरं पुस्तक, अध्याय बारा. यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या माणसांच्या पापांसाठी अर्पण पाठवतो, ते मेलेल्यांतून उठतील ह्या आशेनं. वा! मी हा पत्ता बसमध्ये पुटपुटत घोकला. शेजारच्या बाईला वाटलं मी तेर्स, म्हणजे जपमाळ, म्हणतेय, तिनं बिचारीनं पाय आवरून घेतले.

साखळीला पोचले. रूथ होतीच. बरं झालं म्हटलं. मी चेन उघडली. ‘मक्काबी दुसरं, बारावा अध्याय,’ असं म्हटलं आणि पानं उलटायला लागले. उलटली. परत मागं गेले. मलाखी आला, त्याच्यामागं लगेच मत्तय. परत पुढं. अनुक्रमणिका बघितली. मक्काबी कुठंच नाही!

लुर्दीननं हळूच पुस्तकाचं पहिलं पान बघितलं आणि तोंडाला पदर लावला. ‘माना गो, हे आमचं बायबल घेतलंस तू!’ आणि ती हसली. रूथही हसली. माझ्याच पैशानं त्यांचं पुस्तक विकत घेऊन मी त्यांच्याशी लढायला आले होते, आणि त्यात जी पुस्तकं मला हवी होती तीच नव्हती.

‘तुमच्या लोकांनी काढून टाकली ती,’ मी म्हटलं.

‘तुमच्या लोकांनी घातली,’ लुर्दीन म्हणाली.

‘बरं, मग कुठली पुस्तकं आत आणि कुठली बाहेर, ही यादी बायबलात कुठं लिहिलीय? पत्ता सांग.’

रूथकडं बघितलं तिनं. रूथ म्हणाली, ‘ते विचारून सांगतो अक्का.’ त्या दिवशी एवढंच मला मिळालं. पण एवढं पुरलं. पुढच्या बुधवारी मी त्यांच्याच पुस्तकातून पौलाचं तीमथ्याला दुसरं पत्र घेऊन गेले. अनेसिफर नावाच्या माणसाच्या घरच्यांना पौल सलाम सांगतो, त्या माणसाला मात्र नाही. त्याच्यासाठी म्हणतो, त्या दिवशी, म्हणजे न्यायाच्या दिवशी, प्रभूनं त्याच्यावर दया करावी. ‘तो माणूस मेला होता म्हणूनच ना?’ मी विचारलं. ‘मेला असं लिहिलेलं नाही,’ लुर्दीन म्हणाली. ‘मग घरच्यांना सलाम आणि त्याला नाही, तो काय बाजारात गेला होता?’ तिला हसू आलं, पण मान्य करायला ती काय सोपी आहे?

असे ते बुधवार सुरू झाले. मे गेला, पाऊस आला, डिचोलीच्या रस्त्यावर लाल चिखल आला, तरी मी जात राहिले. छत्री, पिशवीत नारळ नाहीतर सुके बांगडे, आणि चेनवाल्या पुस्तकात खुणेला घातलेली बसची तिकिटं. बोस्त्यांव म्हणायचा, ‘सेमिनारीत नाव घाल एकदाचं.’ मी त्याला उत्तर द्यायची नाही, तोंडात पत्ते असायचे.

मूर्तींचं आमचं फार दिवस चाललं. मी म्हटलं, ज्या देवानं निर्गम विसात मूर्ती नको म्हटलं, त्यानंच निर्गम पंचविसात कराराच्या कोशावर सोन्याचे करूब, म्हणजे पंखवाले देवदूत, करायला लावले, आणि गणनेच्या पुस्तकात मोशेकडून पितळेचा साप करवून घेतला, त्याच्याकडं बघितलं की माणसं जगायची. मला वाटलं, जिंकले. लुर्दीन म्हणाली, ‘त्या सापाचं पुढं काय झालं? हिज्कीया राजानं फोडून टाकला. कित्याक? लोक त्याला धूप दाखवायला लागले म्हणून.’ आठवडाभर मी पानं चाळली. मग जाऊन सांगितलं, फोडला तो त्याला देव मानला म्हणून. आम्ही तसबिरीला देव मानत नाही, तुझ्या फोनवर तुझ्या नातवाचा फोटो आहे, त्याला तू नातू मानतेस काय? ‘त्या फोटोपुढं मी मेणबत्ती लावत नाही,’ ती म्हणाली. हे असं. माझी बहीण आहे ती.

पण त्याच निर्गम विसात मला एक खजिना सापडला. मूर्ती नको म्हटल्यावर लगेच देव स्वतःविषयी सांगतो की तो ईर्ष्यावान आहे. आपलं माणूस दुसऱ्याकडं गेलेलं त्याला खपत नाही. मी ते वाचलं आणि माझ्या जिवाला केवढा थंडावा आला म्हणून सांगू! त्यांच्याच आवडत्या ओळीच्या शेजारी बसलं होतं ते. पाद्रीजवळ पापं सांगायला बसले तेव्हा मी हेव्याचं पाप सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की देवाला चालतं तर मला का नाही. पाद्री जाळीपलीकडं बराच वेळ खोकला. मग म्हणाला, ‘फिलू, देवानं त्या माणसांना निर्माण केलं होतं. तू लुर्दीनला निर्माण केलेलं नाहीस.’ निर्माण नसेल केलं. न्हाऊ-माखू घातलंय, केस विंचरलेत, शाळेत तिच्या वाट्याच्या छड्या खाल्ल्यात.

मरियेवरून मात्र मी रूथवरच नेम धरला. लुर्दीननं बोलता बोलता म्हटलं, तिची कंबर दुखत होती, तर सिस्टरला सांगितलं माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणून.

‘का गो?’ मी विचारलं. ‘देवाशी तू थेट बोलतेस ना? मध्ये माणूस कशाला?’

‘एकमेकांसाठी प्रार्थना करा असं याकोबानं लिहिलंय.’

‘मग लादिनीत आम्ही मरियेला दुसरं काय सांगतो? आमच्यासाठी विनंती कर, एवढंच. तुला रूथ चालते आणि येशूची आई चालत नाही?’

‘रूथ जिवंत आहे, माना.’

‘आणि मरिया मेली? येशू काय म्हणाला? अब्राहामाचा देव तो जिवंतांचा देव आहे, मेलेल्यांचा नव्हे. मत्तय बावीस. आणि लूक पहिला, सगळ्या पिढ्या मला धन्य म्हणतील असं ती स्वतः म्हणते. आमची पिढी म्हणते, खुरसापुढं उभी राहून, गाऊन. तुमची पिढी केव्हा म्हणणार?’

लुर्दीन पुस्तकाची पानं नुसतीच उलटत राहिली. रूथनं तिच्या पाठीवर हात ठेवला, नुसता ठेवला, जसा मी ठेवायला हवा होता. मी वाद जिंकून बसले होते आणि हात त्या बाईचा होता.

सगळ्यांत जोराचा बुधवार योहानाच्या सहाव्या अध्यायाचा. कुमगार, म्हणजे आमची वेदीवरची भाकर, ही खरंच येशूचं शरीर की नुसती आठवण, हा प्रश्न. मी पूर्ण तयारीनं गेले होते. सांगितलं, येशू म्हणाला माझं शरीर हे खरं अन्न आहे. ऐकणाऱ्यांना ते जड गेलं. पुष्कळ शिष्य उठून गेले. आता नुसती उपमा असती तर त्यानं हाक मारून सांगितलं असतं की नाही, अरे थांबा, तसं नव्हे ते? हाक मारली नाही त्यानं. शब्द मागं घेतला नाही. जाऊ दिलं त्यांना.

लुर्दीन ऐकत होती. वालाच्या शेंगा मोडत होती. मग मान वर न करता म्हणाली, ‘बरोबर. जाणाऱ्यांना त्यानं जाऊ दिलं. मागं धावला नाही. मग तू कशाला येतेस गो दर बुधवारी?’

‘मी येशू नव्हे,’ मी म्हटलं.

आधी रूथ हसली. मग लुर्दीन. मला हसायला आलं नाही. मी पुस्तक मिटलं, चेन लावली आणि विचारलं, ‘जुझेचं एवढं सगळं चाललं होतं ते तू हिला सांगितलंस. मला का नाही? मी मेले होते?’

रूथ उठून मागच्या दारी गेली. तेवढी समज होती तिला. हेही मला सोसवत नाही, की ती बाई वाईट नाही.

लुर्दीननं शेंगांची ताटली बाजूला ठेवली. ‘तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस,’ ती म्हणाली. ‘नाक्यापासून ओरडत आली असतीस. जुझेच्या कानाखाली काढली असतीस. मला हाताला धरून हरमलला नेलं असतंस, आणि मी गेले असते, माना. तुझ्यापुढं मला नाही म्हणता येत नाही. मग माझं घर गेलं असतं. त्यानं मला बाहेर काढून कडी लावली तेव्हा मी नळाजवळ बसले होते. ही आली, माझ्या शेजारी बसली. काय बोलली नाही. रोज येऊन बसायची. मग एक दिवस जुझेला म्हणाली, भाऊ, तुम्ही पण बसा. एवढंच.’

मी शेजारी नुसती बसून राहिले असते का? नसते. जुझेच्या कानाखाली काढलीच असती. पण मला कुणी सांगितलं असतं की इथं फक्त बसायचंय, तर मी बसले असते. नळाजवळ, चिखलात, दिवसभर बसले असते. मला सांगायला तर हवं होतं! त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी एकही वचन घोकलं नाही.

त्या सगळ्यानंतरही ती लादिनीला आली नाही. पुढच्या मे महिन्यातही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पहिल्या वर्षी मी ठरवलं, पहिला आवाज आपणच घ्यायचा. रबेकवाल्यानं, म्हणजे व्हायोलिनवाल्यानं, सूर दिला, मी वर गेले, चांगली गेले. पुढच्या ओळीला आपोआप खाली उतरले. जन्मभर खालून चाललेली मी, पाय त्याच वाटेला वळले. रबेक वर, मी खाली, आणि मध्ये जिथं ती असायला हवी तिथं काही नाही. वाड्यानं मान वळवली नाही. सगळे मुद्दाम मेणबत्त्यांकडं बघत राहिले, त्यानं मला जास्त लागलं.

बुधवार मात्र बंद पडले नाहीत. कोणी जिंकलं नाही. ती आमच्या चर्चमध्ये आली नाही, मी तिच्या हॉलाची पायरी चढले नाही. जुझे अजून पीत नाही, शाळेच्या मुलांची गाडी चालवतो. त्याबद्दल त्या हॉलाचे उपकार मी मानते, पण तोंडानं नाही. साखरेचा डबा आता मलाही माहीत आहे. एकदा रूथ उठायच्या आत मीच उठून काढला तो, आणि तिच्या कपात विचारून साखर घातली. सुख वाटलं मला. पाप असेल तर असो.

ह्या वर्षी आमची पाळी बुधवारी आली. त्याच्या आधी खुरसाला चुना काढताना पायरीवरून माझा पाय सरकला आणि गुडघा धरला. साखळीला जायचं चुकलं. मी फोन करून सांगितलं, ‘गुडघा धरलाय, ह्या बुधवारी यायला जमणार नाही गो.’ ती ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला. गुडघ्याचं विचारलंसुद्धा नाही. दोन दिवस मी जळत बसले, तिला बरंच झालं असेल, तिची ती रूथ असेल तिच्याजवळ.

बुधवारी दुपारी चणे शिजत टाकले होते, आणि स्वयंपाकघराच्या दारात लुर्दीन. एकटी. हातात पिशवी, बगलेत बायबल.

‘गेल्या बुधवारचं माझं उत्तर राहिलंय,’ ती म्हणाली. ‘तू येत नाहीस म्हटल्यावर मीच आले. खुरसाकडं मी येणार नाही हां. आधीच सांगते.’

‘तुला बोलावलंय कोणी?’ मी म्हटलं, आणि तिला बसायला माझी खुर्ची दिली.

तिनं तिथंच गुडघ्याला तेल चोळून दिलं आणि चोळता चोळता विश्वास आणि कर्मांवरचं तिचं उत्तर सांगितलं. चांगलं होतं उत्तर. मग चण्याच्या पातेल्यात पळी घालून तिनं दोन चणे तोंडात टाकले. मी म्हटलं, ‘खुरसापुढचे चणे ना ते? चालतात तुला?’ ‘अजून नेले कुठं तिकडं?’ ती म्हणाली. ‘म्हणून तर आत्ताच खाते. मीठ कमी आहे.’

संध्याकाळी मी लंगडत खुरसाकडं गेले. ती स्वयंपाकघरात राहिली. खिडकी उघडी होती, खुरीस तिथून काही लांब नाही. मी गायले. नेहमीसारखी एकटी, खालून. मध्ये एकदा वाटलं, आता येईल तिचा आवाज, आता येईल. नाही आला. फोगेट, म्हणजे फटाके, उडाले, लोक फेणीच्या पेल्यांकडं वळले, आणि मी चणे न्यायला आत आले.

लुर्दीन ओट्याशी उभी होती. डोळे पुसलेले कळत होते, पण ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

‘सांक्ता मारियापासूनच घसरलीस,’ ती म्हणाली. ‘आणि शेवटपर्यंत सुरात आलीच नाहीस. किती वेळा सांगितलंय, श्वास आधी घे.’

‘तुला ऐकायचं नव्हतं ना?’

‘कान काय काढून ठेवू?’

‘तुझ्या त्या हॉलात पण अशाच चुका काढतेस सगळ्यांच्या?’

‘छे गो!’ ती म्हणाली. ‘तिथं सगळ्यांना मी छान गायलात म्हणते. परक्यांच्या चुका काढतात काय कोण?’

‘रूथच्यासुद्धा नाही?’

‘तिच्या कशा काढू? तिला वाईट वाटेल की.’

मी पातेलं उचललं. तिनं एका बाजूनं धरलं, दारापर्यंत आणून दिलं आणि उंबऱ्याच्या आत थांबली. बाहेर मी चणे वाटले, गुडघा ठणकत होता तरी सगळ्यांना दोन-दोनदा वाटले. तिनं ‘परक्यांच्या’ म्हटलं ते रूथला कसं कळवावं, तिला वाईट तर वाटू नये पण कळावं तर नक्की, ह्याचाच विचार माझ्या डोक्यात चालला होता.